अहवालातील आकडा आणि उपचारातील निर्णय : स्तनकर्करोगाच्या पाठपुराव्यातील रक्तचाचण्यांची चिकित्सा

सारांश

स्तनकर्करोगाच्या उपचारांदरम्यान आणि उपचारांनंतर रक्तातील सीए १५-३, सीए २७.२९ व सीईए या घटकांचे मापन केले जाते. व्यवहारात या चाचण्यांना 'ट्यूमर मार्कर' असे म्हणतात. आजार शरीरात अन्यत्र पसरलेल्या रुग्णांत या चाचण्यांचा उपयोग मर्यादित असला तरी खरा आहे. उपचार पूर्ण झालेल्या आणि कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांमध्ये मात्र त्या ठरावीक काळाने केल्यास आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही. हा महत्त्वाचा भेद प्रयोगशाळेच्या छापील अहवालात उमटत नाही. प्रस्तुत लेखात या अहवालाचे एक संहिता म्हणून वाचन केले असून, त्यातील आकडा, संदर्भमूल्य आणि टीप यांचे परस्परसंबंध तपासले आहेत.

बीजशब्द : स्तनकर्करोग, ट्यूमर मार्कर, सीए १५-३, पाठपुरावा, संदर्भमूल्य, परळ.

१. प्रास्ताविक

गिरणगावाचा भाग असलेल्या परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. आज राज्याच्या सर्व जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतूनही रुग्ण परळला येतात. त्यांच्या निवाऱ्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा संस्था उभ्या राहिल्या. त्याचबरोबर परळ, लालबाग, दादर ते गिरगाव या पट्ट्यात औषधांची दुकाने आणि रक्त तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा यांचे दाट जाळे तयार झाले.

मुंबईतील स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. त्यामुळे उपचार संपवून घरी गेलेल्या आणि ठरलेल्या तारखेला फाईल घेऊन परत येणाऱ्या स्त्रियांची संख्याही मोठी आहे. या फाईलमध्ये शस्त्रक्रियेचा कागद, गाठीच्या तपासणीचा कागद, केमोथेरपीच्या नोंदी आणि अलीकडच्या रक्ततपासणीचा अहवाल असतो. यांपैकी रुग्ण व नातेवाईक स्वतः वाचू शकतात असा कागद बहुधा शेवटचाच असतो, कारण त्यात एक आकडा आणि त्याच्या शेजारी एक मर्यादा दिलेली असते. घरातील इंग्रजी जाणणारी व्यक्ती तो वाचते आणि 'मार्कर वाढला' किंवा 'मार्कर नॉर्मल' असा निकाल सांगते. डॉक्टरांची भेट त्यानंतर होते. एका कागदावर आधारलेला हा घरगुती निकाल कितपत खरा असतो, हा येथील प्रश्न आहे.

२. आकडा नेमका कशाचा?

सीए १५-३ ही चाचणी कर्करोगाच्या पेशी मोजत नाही. स्तनातील दुग्धनलिकांच्या आतील बाजूस असलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर म्युसिन-१ नावाचे शर्करायुक्त प्रथिन असते. निरोगी अवस्थेत ते नलिकेच्या पोकळीकडील बाजूला राहते. कर्करोगात पेशींची ही रचना बिघडते, प्रथिन पेशीच्या सर्व बाजूंना येते आणि त्याचे तुकडे रक्तात मिसळतात. हे तुकडे दोन प्रतिपिंडांच्या साह्याने पकडून मोजले जातात. सीए २७.२९ ही चाचणीही याच प्रथिनाचे मापन करते. म्हणजे या दोन चाचण्या एकाच वेळी केल्यास दोन स्वतंत्र साक्षी मिळतात असे नाही. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखे होते. सीईए हा घटक वेगळा आहे. फिल गोल्ड व सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगात प्रथम दाखवला आणि पुढे त्याचा वापर इतर कर्करोगांतही होऊ लागला.

येथे 'मार्कर' या शब्दाने होणारा घोटाळाही नोंदवणे आवश्यक आहे. गाठीच्या तुकड्यावर केल्या जाणाऱ्या ईआर, पीआर व हर-२ या तपासण्यांनाही मार्करच म्हटले जाते. कोणत्या रुग्णाला टॅमॉक्सिफेनसारखे संप्रेरकरोधक औषध द्यावे आणि कोणाला ट्रास्टुझुमॅब द्यावे, हे त्यांवरून ठरते. त्यांच्यावाचून उपचारच ठरवता येत नाहीत. रक्तातील मार्करला हे स्थान नाही. नाव एकच असल्यामुळे पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्याला विनासायास मिळते. मराठीत एकाला 'ऊतकदर्शक' आणि दुसऱ्याला 'रक्तदर्शक' म्हटले तरी हा गोंधळ बराच कमी होईल.

म्युसिन-१ निरोगी शरीरातही असल्याने त्याची रक्तातील पातळी इतर कारणांनीही वाढू शकते. यकृताचे जुनाट विकार, फुफ्फुसांचे काही विकार, स्तनांतील साध्या गाठी, गर्भारपण व स्तनपान ही त्यांपैकी काही होत. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयातही सीए १५-३ वाढलेले आढळते. शाकाहारी कुटुंबांत हा अभाव दुर्मीळ नाही, हे लक्षात घेता या कारणाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. केमोथेरपीत केस गेल्यावर ते लवकर यावेत म्हणून अनेक स्त्रिया बायोटिनच्या गोळ्या घेतात. काही मापनपद्धतींत बायोटिनचाच रासायनिक दुवा म्हणून उपयोग केलेला असतो. रक्तात बायोटिन जास्त असेल तर अशा पद्धतीत दोन प्रतिपिंडांनी केलेले मापन खोटे कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे प्रयोगशालेय चाचण्यांत होणाऱ्या अशा चुकांविषयी इशारा दिला होता. केसांसाठी घेतलेल्या गोळीचा आणि कर्करोगाच्या चाचणीचा संबंध असू शकतो, ही गोष्ट रक्त देताना विचारली गेली नाही तर रुग्णाने ती आपणहून सांगावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

३. संदर्भमूल्याची रेघ

अहवालात आकड्याशेजारी छापलेले संदर्भमूल्य हा या संहितेचा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत दिशाभूल करणारा भाग आहे. सीए १५-३ साठी ही मर्यादा पद्धतीनुसार साधारण २५ ते ३० युनिट प्रति मिलिलिटर अशी असते. निरोगी स्त्रियांच्या मोठ्या गटातील बहुतेकींची मूल्ये जिच्या खाली येतात, ती ही रेघ होय. ती निरोगी गटावरून काढलेली आहे. उपचार घेतलेल्या एका विशिष्ट स्त्रीमध्ये आजार आहे की नाही, हे सांगण्यासाठी ती आखलेली नाही.

उदाहरण म्हणून मर्यादा ३० धरू. एका स्त्रीचा आकडा १८ वरून २६ झाला, तर अहवाल दोन्ही वेळा 'नॉर्मल' म्हणेल. परंतु ही वाढ ४४ टक्के आहे. दुसऱ्या स्त्रीचा आकडा २९ वरून ३२ झाला, तर अहवाल तो ठळक अक्षरांत छापील आणि त्यापुढे 'जास्त' अशी खूण करील; परंतु ही वाढ १० टक्क्यांच्या आसपास आहे आणि शरीरातील नैसर्गिक चढउतार व यंत्रातील फरक यांतूनही ती येऊ शकते. सामान्यतः सुमारे २५ टक्क्यांहून अधिक वाढ झाली आणि ती पुन्हा केलेल्या मापनात कायम राहिली, तरच तिला अर्थ दिला जातो. म्हणजे पहिल्या स्त्रीच्या बाबतीत निदान चाचणी पुन्हा करण्याचे कारण आहे, दुसरीच्या बाबतीत तेवढेही नाही. अहवालाची ठळक अक्षरे नेमका याच्या उलट संदेश देतात.

या रेघेची दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. पहिल्या टप्प्यातील स्तनकर्करोगात दहांपैकी जेमतेम एका स्त्रीचे सीए १५-३ वाढलेले असते. दूरवर पसरलेल्या आजारात चारांपैकी सुमारे तिघींचे वाढलेले असते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रारंभिक आजार शोधण्यासाठी ही चाचणी निरुपयोगी आहे. आणि आजार पसरलेला असतानाही चारांतील एकीचा अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो. म्हणून 'नॉर्मल' या शब्दाने मिळणारा दिलासासुद्धा पूर्ण विश्वासार्ह नाही. दुखणारे हाड किंवा लागणारा दम यांकडे 'मार्कर नॉर्मल आहे' म्हणून दुर्लक्ष झाले, तर दिलासा हीच हानी ठरते.

यांपैकी बरीच माहिती अहवालांतच दिलेली असते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांच्या तळाशी बारीक इंग्रजी टीप असते. ही चाचणी निदानासाठी एकटी वापरू नये, वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची तुलना करू नये, अशा सूचना तिच्यात असतात. शास्त्रीय दृष्ट्या ही टीप बिनचूक असते. परंतु आकडा मध्यभागी ठळक आणि त्याची मर्यादा तळाशी बारीक, ही मांडणी स्वतःच एक अर्थ निर्माण करते. ज्या वाक्यावाचून आकडा समजत नाही, ते वाक्य जिच्यासाठी आकडा काढला तिला न कळणाऱ्या भाषेत, न वाचता येईल अशा आकारात छापले जाते. संहितेने आपले उत्तरदायित्व कागदोपत्री पार पाडलेले असते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

४. 'लवकर कळणे' या कल्पनेची तपासणी

नियमित चाचण्यांच्या बाजूने सर्वाधिक केला जाणारा युक्तिवाद असा की, आजार परतला तर तो लवकर कळेल. हे अंशतः खरे आहे. आजार परतणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांत सीए १५-३ लक्षणांच्या काही महिने आधी वाढू लागते. शिमग्याला कळणारी गोष्ट दिवाळीत कळते, असे म्हणता येईल. प्रश्न असा की, दिवाळीत कळल्यामुळे पुढे काय बदलते? दूरच्या अवयवांत पसरलेला स्तनकर्करोग सामान्यतः पूर्ण बरा होत नाही. त्याला आवर घालता येतो. उपचार चार-पाच महिने आधी सुरू करूनही आयुष्याचा शेवट त्याच दिवशी येणार असेल, तर वाढतो तो केवळ आजारी म्हणून जगण्याचा काळ.

हा नुसता तर्क नाही. १९९४ मध्ये इटलीतील दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात १३२० आणि दुसऱ्यात १२४३ स्त्रिया होत्या. एका गटाला ठरावीक काळाने छातीचे क्ष-किरण चित्र, हाडांचे स्कॅन यांसारख्या तपासण्या केल्या गेल्या. दुसऱ्या गटाचा पाठपुरावा शारीरिक तपासणी व मॅमोग्राफीवर ठेवला. दोन्ही अभ्यासांत अधिक तपासण्यांमुळे अधिक आयुष्य मिळाले नाही. या अभ्यासांचा भर रक्तातील मार्करवर नव्हता, हे मान्य करावे लागेल. परंतु तक्रार नसताना दूरचा आजार शोधण्याच्या कल्पनेचीच त्यांनी परीक्षा घेतली होती. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्राथमिक उपचारांनंतरच्या पाळतीसाठी सीए १५-३ व सीए २७.२९ यांची शिफारस केली नाही. २०१२ मध्ये तिने टाळावयाच्या पाच गोष्टींच्या यादीत लक्षणे नसलेल्या रुग्णांतील अशा चाचण्यांचा समावेश केला.

याचा अर्थ पाठपुरावा नको असा नाही. शस्त्रक्रियेच्या जागी परतलेली गाठ किंवा दुसऱ्या स्तनात नव्याने झालेला कर्करोग वेळीच सापडल्यास बरा होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा मॅमोग्राफी, डॉक्टरांकडून नियमित शारीरिक तपासणी आणि नव्या तक्रारींची काळजीपूर्वक चौकशी यांना भक्कम आधार आहे. या गोष्टींना वेळ आणि माणसाचा हात लागतो. रक्ताच्या नळीने त्यांची जागा घेतली, तर पाठपुरावा वाढल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात कमी होतो.

५. आकड्याचे योग्य स्थान

आजार दूरवर पसरलेल्या रुग्णांत चित्र वेगळे आहे. हाडांत पसरलेला आजार स्कॅनवर मोजणे कठीण असते. काही वेळा मोजता येईल अशी गाठच नसते. तेथे लक्षणे, शारीरिक तपासणी व प्रतिमा यांच्या जोडीला मार्करचा कल उपयोगी पडतो. वर उल्लेखिलेल्या संस्थेच्या २००७ आणि २०१५ च्या मार्गदर्शनात हीच भूमिका आहे : मार्कर साहाय्यक म्हणून वापरावा, एकट्या त्याच्या आधारे उपचार बदलू नयेत. नवे औषध सुरू केल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आकडा फसवा वाढू शकतो, अशी सूचनाही २००७ च्या मार्गदर्शनात आहे. औषध लागू पडत असतानाही आकडा चढतो आणि मग उतरतो. या काळातील अहवाल पाहून घाईने औषध बदलले, तर गुणकारी औषधच हातचे जाते.

या संदर्भात एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा लागतो. रत्नागिरी किंवा नांदेडच्या रुग्णाला प्रत्येक वेळी परळला येणे परवडत नाही. तिच्या गावाजवळ रक्त घेऊन तपासणी झाली, तर एक खेप वाचते. पसरलेल्या आजाराच्या रुग्णांपुरता हा युक्तिवाद मान्य करण्याजोगा आहे. मात्र त्यासाठी दरवेळी तीच मापनपद्धती हवी. एकदा गावातील, एकदा दादरमधील आणि एकदा परळमधील प्रयोगशाळेत काढलेले तीन आकडे एका रेषेत मांडले, तर त्यातून दिसणारा चढउतार आजाराचा आहे की यंत्रांचा, हे सांगता येत नाही.

कल योग्य रीतीने कळला तरी त्यापुढची कृती उपयोगी असावी लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस-०५०० या अमेरिकी अभ्यासात रक्तातील कर्करोगपेशींची संख्या मोजली गेली. केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही ही संख्या चढीच राहिलेल्या १२३ स्त्रियांपैकी निम्म्यांची केमोथेरपी लगेच बदलली, उरलेल्यांची पहिलीच चालू ठेवली. आयुर्मानात फरक पडला नाही. चाचणीचे भाकीत बरोबर होते. परंतु बदलून द्यावयाचे औषध पहिल्यापेक्षा सरस नव्हते. याउलट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सेरेना-६ या अभ्यासात रक्तातील जनुकीय तुकड्यांवरून ईएसआर-१ या जनुकातील विशिष्ट बदल ओळखला गेला आणि त्या बदलाला लागू पडणारे कॅमिझेस्ट्रंट हे औषध दिले गेले. आजार बळावण्यापर्यंतचा मध्यक काळ ९.२ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य वाढले असे त्यावरून अजून म्हणता येत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे : चाचणीचे मोल तिच्या संवेदनक्षमतेइतकेच तिच्यामागून येणाऱ्या औषधावर अवलंबून असते. उद्या अशी औषधे वाढली, तर तक्रार नसलेल्या रुग्णांतील रक्तचाचण्यांविषयीचा आजचा निष्कर्षही पुन्हा तपासावा लागेल.

६. परळची कसोटी

या चिकित्सेसाठी केवळ परदेशी निष्कर्षांवर विसंबण्याचे कारण नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. एका गटातील स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी प्रशिक्षित महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी करीत. २०२१ मध्ये इंद्रनील मित्रा, राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तपासणीमुळे आजार अलीकडच्या टप्प्यात सापडला. स्तनकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र एकूण १५ टक्के घट दिसली, आणि ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती. ५० च्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. 'आजार लवकर सापडला' आणि 'मृत्यू टळला' ही दोन वेगळी विधाने आहेत, हे या अभ्यासाने मुंबईच्याच स्त्रियांच्या बाबतीत दाखवून दिले.

२०१५ मध्ये याच रुग्णालयाच्या ३५० रुग्णांवरील अभ्यासात, निदानाच्या वेळीच आजार पसरलेला असताना स्तनातील गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे आढळले. दुसरीकडे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही तपासणी अत्यंत स्वस्त आहे. तिन्ही अभ्यासांत विचारलेला प्रश्न एकच होता : या कृतीने रुग्णाचे आयुष्य वाढते काय? परळच्या रुग्णालयातून पुढे आलेली ही कसोटी त्याच परिसरात विकल्या जाणाऱ्या रक्तचाचण्यांना मात्र क्वचितच लावली जाते.

ती न लावण्याची किंमत रुग्णाच्या घराला मोजावी लागते. किंचित वाढलेल्या एका आकड्यामागून दुसरी रक्तचाचणी येते, मग पेट स्कॅन, मग अर्थ न लागणारा एखादा डाग आणि त्याची सुईतपासणी. दरम्यान धर्मशाळेतील मुक्काम लांबतो, सोबत आलेल्या माणसाचा रोजगार बुडतो. शेवटी 'काही निघाले नाही' असे कळते, तेव्हा चाचणीने दिलासा दिला असे म्हटले जाते. परंतु जी भीती शमली ती त्याच चाचणीने निर्माण केली होती, हे विसरले जाते.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, दोष सीए १५-३ या चाचणीत नाही; प्रश्नापासून तोडलेल्या आकड्यात आहे. रक्त देण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. आकडा वाढला तर उपचारात काय बदलेल? वाढला नाही तर काय बदलेल? मागचे मापन याच पद्धतीने झाले होते काय? पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'काही नाही' असेल, तर चाचणी न करणे हा शास्त्रीय निर्णय आहे आणि तो रुग्णाला तसाच समजावून सांगितला पाहिजे. अन्यथा तिला तो हलगर्जीपणा वाटेल. चाचणी आवश्यक असेल, तर मागील मूल्ये एकाखाली एक देणारा आणि 'या एका आकड्यावरून आजार परतला किंवा परतला नाही असे ठरत नाही' हे वाक्य आकड्याइतक्याच ठळक मराठीत छापणारा अहवाल देणे कोणत्याही प्रयोगशाळेस अशक्य नाही.

उपचार संपवून परळहून गावी निघालेल्या स्त्रीला पुढील तारखेपर्यंत निश्चिंत राहता येईल याची हमी कोणतीच चाचणी देऊ शकत नाही. कोणते दुखणे अंगावर काढू नये, केव्हा वाट न पाहता यावे आणि कोणाला भेटावे, हे मात्र तिला सांगता येते. पाठपुराव्याचा हा भाग अहवालात छापला जात नाही. तो डॉक्टरांनी तोंडी सांगावा लागतो, आणि रक्तचाचणी त्याला पर्याय ठरू शकत नाही.